वझे साहेबांचा ओला खिमा

वझे साहेब दर रविवारी खिमा करत आणि स्वतः कधी खात नसत. भोरमध्ये त्यांची ओळख एवढ्यावर पटे. वेल्ह्याकडच्या वाड्यांमध्ये मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे ते मोजणीवाले साहेब. गावात आले की लोक आधी बांधाकडे बघत आणि मग त्यांच्या तोंडाकडे.

मी मोजणी कार्यालयात कारकून म्हणून भोरला बदलून आले, तेव्हा साहेब तिथले सगळ्यात जुने जमीन मोजणारे होते. राहायची जागा त्यांनीच बघून दिली, त्यांच्या समोरचंच दार. दारावर पाटी होती, ‘श्रीधर वझे’. पहिल्याच रविवारी सकाळी जिन्यात मटणाचा वास भरला. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी करत असेल. नळाच्या पाण्याचं विचारायला म्हणून मी समोरचं दार वाजवलं, तर साहेबांनीच उघडलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात डाव.

“पाणी आत्ताच भरून घ्या, दुपारी जातं,” ते म्हणाले. मग मान आत वळवून हाक मारली, “कमल, मीठ!”

आतून त्यांची बायको आली. कमल वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. केस नुकते धुतलेले, पंचा गुंडाळलेला. त्यांनी डावातला रस तळहातावर घेतला, चाटला आणि म्हणाल्या, “अजून चिमूटभर.” साहेबांनी मान हलवली आणि आत गेले. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही. मी पाणी भरायला गेले.

साहेब बोलायला कमी. हाताखालच्या शिपायालासुद्धा ‘आपण’ म्हणत. कुणी कौतुक केलं किंवा तक्रार केली, तरी दोन्हींना त्यांचं एकच उत्तर असे, “तसं काही नाही.” काम सुरू करायच्या आधी हातातलं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवायची सवय होती. शेतातही तेच, ओट्यापाशीही तेच. चहात साखर घातली की चमचा उभा धरून ढवळत आणि बशीवर ठेवायच्या आधी झटकत नसत, पुसत. अशा माणसाबद्दल ऑफिसात चेष्टा होतेच. त्यांचीही व्हायची. पण त्यांची चेष्टा करणारे सगळे आपापल्या गावची मोजणी मात्र त्यांच्याकडेच मागत.

एकदा कागद सांभाळायला म्हणून मी त्यांच्याबरोबर वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीत गेले होते. दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण होतं आणि ते वाडवडिलांपासून चालत आलेलं. आम्ही पोचतो न पोचतो तोच दोन्ही घरांतून चहा आला. साहेब म्हणाले, “मोजणी झाल्यावर.” चहा गार झाला, परत नेला, पुन्हा गरम करून आणला. साहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. ऊन चढेपर्यंत ते खुणा करत राहिले. काम संपल्यावर हात धुतले आणि दोन्ही कप मागवले. आधी एकाचा पूर्ण प्यायले, मग दुसऱ्याचा पूर्ण प्यायले.

ज्याचा चहा नंतर प्यायले, तो तेवढ्यावरून फुरंगटला. “साहेब, तुमी त्याचा च्या आदी पिला.”

“त्याचं घर जवळ आहे,” साहेब म्हणाले, आणि जीपमध्ये बसले.

कमल वहिनी बरोबर उलट्या. त्या बोलायला लागल्या की थांबत नसत. माहेर पासलीचं, तिथल्या शेतकरी घरातली मुलगी. नर्सिंगचं शिक्षण पुण्यात झालेलं. साहेब पासलीला मोजणीला गेले असताना त्या सुट्टीवर घरी होत्या. तिथे दोघांची ओळख झाली आणि दोन-तीन वर्षांनी लग्न. साहेब ब्राह्मण, वहिनी मराठा. लग्नाला दोन्हीकडून फारसं कुणी आलं नाही. पण वहिनींचा थोरला भाऊ बबनराव आला होता. वडील नसल्यामुळे त्यानेच बहिणीला वाढवलं होतं. तो एकटा आला, साक्षीदार म्हणून सही केली, साहेबांच्या हातात नारळ दिला आणि शेवटच्या एस.टी.ने परत गेला.

घरात साहेबांच्या आई होत्या, माई. त्यांचं सगळं सोवळ्यात. वहिनींनी त्या घरात पाय ठेवला त्या दिवसापासून मटण-मासे सोडले. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पासलीला गेल्या की तेवढं खायच्या. परत आल्यावर माई विचारत, “पोटभर जेवलीस ना?” यापुढे माई काही विचारत नसत आणि वहिनी सांगत नसत. “तशा त्या वाईट नव्हत्या,” वहिनी मला म्हणाल्या होत्या. “शेवटच्या आजारपणात माझ्याशिवाय कुणाच्या हातचं घेत नव्हत्या.”

माई गेल्या. वर्ष झालं. वर्षश्राद्धानंतरच्या पहिल्या रविवारी साहेबांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि काही न बोलता बाहेर पडले. पुढचं वहिनी नक्कल करून सांगत आणि सांगताना दरवेळी उभ्या राहत.

साहेब थेट मटणाच्या दुकानात गेले. रांगेत उभे राहिले. दुकानदाराला सगळं भोर मामा म्हणे. मामाने वर पाहिलं आणि विचारलं, “साहेब, दुकान मोजायला आलात का?”

“नाही. खिमा पाहिजे.”

“कुणाला?”

“घरी.”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मामाने सत्तूर पुसला. “फुडच्या पायाचा देऊ का मागच्या?”

“ज्याचा चांगला होतो त्याचा.”

मामा खिमा कुटत होता तेवढा वेळ साहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मामानेच नंतर वहिनींना सांगितलं की, “साहेबांनी आख्खा म्हैना वाचून काढला.”

घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. वहिनींना वाटलं, भाजी असेल. उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, हे काय?”

“खिमा. तू सांगितलं होतंस.”

“मी? कधी?”

“लग्नाच्या आधी. पुण्यात तुम्ही मैत्रिणी एका हॉटेलात जायचात. पावाच्या पोटात भरून खायचात आणि रस कोपरापर्यंत ओघळायचा, असं म्हणाली होतीस.”

वहिनींना आपण असं काही बोललो होतो हे आठवतसुद्धा नव्हतं. त्या पदर खोचून म्हणाल्या, “द्या इकडे, मी करते.”

“नाही. तू सांग, मी करतो. इतकी वर्षं तू केलंस.”

“मी काय केलं?”

“खाल्लं नाहीस.”

त्यावर वहिनी काय म्हणाल्या, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. नक्कल इथे संपायची आणि त्या खाली बसायच्या.

पहिला खिमा वाळूसारखा झाला. मीठ तर दुप्पट पडलेलं. वहिनी म्हणाल्या, “छान झालाय.” पण त्या दोन घासांमागे एक तांब्या पाणी प्यायल्या आणि साहेबांनी ते पाहिलं. पुढच्या रविवारी पाणी जास्त पडलं, त्याच्या पुढच्या रविवारी कांदा करपला. चाखून बघायची सोय नव्हती. ज्याला पदार्थाची चवच माहीत नाही त्याने तो शिकायचा म्हणजे आंधळ्याने रंग कालवण्यासारखं. साहेबांनी वासावर आणि आवाजावर भिस्त ठेवली. मी बघायला लागले, तोवर त्यांचा हात बसला होता. कांदा बारीक चिरायचा, पण तो बटाटा चिरल्यासारखा एकसारखा. तेलात तो तांबूस होईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मग आलं, लसूण, मिरची, कोथिंबिरीचं वाटण. मग चाळणीत धुऊन निथळलेला खिमा. तो टाकल्यावर आधी सुर्रकन आवाज येई, मग पाणी सुटून बुडबुड सुरू होई. ते पाणी आटून पुन्हा चरचर ऐकू आली की साहेब टोमॅटो आणि मसाला घालत. मसाला पासलीचा. बबनरावांची बायको दरवर्षी उन्हाळ्यात करून पाठवायची, तांदळाबरोबर. शेवटी आधणाचं पाणी घालून झाकण. रस किती ठेवायचा याचा त्यांचा हिशेब पक्का होता. तो पावात शिरला पाहिजे आणि तरी बाहेर यायला उरला पाहिजे. सुका खिमा झाला तर चुकला, असं त्यांचं म्हणणं. “तू कोपरापर्यंत म्हणाली होतीस,” ते वहिनींना बजावत.

एकदा मी विचारलं, “साहेब, मटणाचा रस्सा का नाही करत? त्याला इतका खटाटोप नाही.”

“हाडं दिसली की मला ते जनावर दिसतं,” ते म्हणाले. “खिम्यात दिसत नाही. हा माझा पळपुटेपणा आहे, पण आहे.”

वहिनी पाव मधून कापत, पण पूर्ण नाही, पुस्तक उघडावं तसा. त्यात दोन डाव खिमा, वर कच्चा कांदा, लिंबू. मग दोन्ही हातांनी दाबून धरायचा आणि वाकून खायचा. पहिल्या घासाला रस हनुवटीवर, दुसऱ्याला मनगटावर. साहेब समोर बसून वरणभात जेवत आणि त्यांच्या कोपराकडे बघत. रस कोपराला पोचला की शांतपणे पंचा पुढे करत. मला दर रविवारी एक भरलेला पाव ताटलीत झाकून मिळत असे. मी तो दार लावून खात असे, कारण तसं खाताना कुणी बघू नये.

इमारतीत सगळ्यांना हे रुचलं नव्हतं. वरच्या मजल्यावर बापट काका राहत, निवृत्त, साहेबांच्या नात्यातले नसले तरी जातीतले. त्यांना वाटे की आपण बोलायला हवं. एका रविवारी ते खाली आले. साहेबांचं दार उघडंच होतं, ते नेहमी उघडंच ठेवत. बापट काका उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, “श्रीधर, वास वरपर्यंत येतो.”

“येत असेल.”

“निदान खिडकी तरी लावून घेत जा.”

“खिडकी लावली तर लपवल्यासारखं होईल.”

“माई असत्या तर चाललं असतं का?”

साहेबांनी डाव कढईवर आडवा ठेवला आणि बाहेर आले. “नसतं चाललं,” ते म्हणाले. “म्हणून त्या होत्या तोवर कमलने कधी केलं नाही. काका, त्या वर्षांमध्ये तुम्ही खाली येऊन कधी विचारलं नाहीत, की सुनेला काय वाटतं म्हणून. आज आलात, बरं वाटलं. बसा, चहा ठेवतो.”

बापट काका बसले नाहीत. पण पुन्हा आलेही नाहीत.

एवढं सगळं होऊनही त्या घरात एक गोष्ट अडलेली होती. वहिनींचे भाऊ बबनराव त्या घराची पायरी चढत नव्हते. तांदूळ यायचे, मसाला यायचा, होळीला पुरण यायचं. पुतण्या आणून द्यायचा. साहेब-वहिनी पासलीला गेले की त्यांचं आदराने होई. पण भोरला बबनराव यायचे ते तहसीलपर्यंत, बाजारापर्यंत, आणि बहिणीला एस.टी. स्टँडवर बोलावून भेटून जायचे.

त्याचं कारण माईंच्या वेळचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बबनराव बहिणीकडे आले होते. एका खांद्यावर तांदळाचं पोतं, दुसऱ्या काखेत जिवंत कोंबडी. आपल्याकडे बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, एवढंच त्यांच्या मनात होतं. माईंनी तांदूळ आत घेतले. कोंबडी बघून त्यांना म्हणाल्या, बाहेरच बसा. वहिनी दवाखान्यात, साहेब मोजणीला. बबनराव कोंबडी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. चहा बाहेर आला, वेगळ्या कपात. तो प्यायले. उठले, वहाणा घालायला वाकले आणि तेवढ्यात मागून तांब्याभर पाणी पायरीवर पडलं. ते बसले होते ती जागा माईंनी धुतली. त्यांच्या पायांवर शिंतोडे उडाले.

साहेबांना संध्याकाळी कळलं. आईला ते काय बोलले ते माहीत नाही. पण पुढच्याच रविवारी ते एकटे पासलीला गेले आणि बबनरावांची माफी मागितली. बबनरावांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली, जेवू घातलं, आणि म्हणाले, “दाजी, तुमच्यावर माजा राग न्हाई. आमची पोर तुमच्या घरात हाय. पर त्या घरातलं पानी आता म्या पिनार न्हाई.”

माई गेल्यानंतर वहिनींनी किती वेळा विनवलं. बबनरावांचं उत्तर तेच.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. वहिनींनी भोरला डॉक्टर गाठून दिला, ऑपरेशन ठरवलं. शनिवारी ते झालं. बबनरावांचा बेत होता की डोळ्याला पट्टी बांधली की मुलाच्या मोटरसायकलवर बसून कामथडीला दिलेल्या लेकीकडे जायचं. पण डॉक्टर म्हणाले, धूळ, धक्के काही चालणार नाहीत, सोमवारी पट्टी काढेपर्यंत भोर सोडायचं नाही. वहिनी नर्स, त्यामुळे त्यांनीही आवाज चढवला. बबनरावांचा नाइलाज झाला. ते आले.

रविवारी सकाळी वहिनींनी मला बोलावलं. “जरा येऊन बस गं. तू असलीस की दादा तोंड उघडेल.” मी गेले. बबनराव दाराजवळच्या लाकडी खुर्चीत टोपी घालून ताठ बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. पायांच्या मध्ये कापडी पिशवी. तिच्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, चटणी होती आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. ते पाणी कामथडीच्या लेकीने भरून पाठवलं होतं. रात्रीपासून ते तेवढंच पीत होते.

वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. “दादा, अरे माई जाऊन किती वर्षं झाली!”

“मानूस गेलं म्हंजी बोल गेला व्हय?”

“मग मी काय करू? मी तुझी कुणीच न्हाई का?” रागात वहिनींची भाषा पासलीची होत असे.

“कमळे, म्या काय बोललोय का तुला? आलो न्हवं हितं? झोपलो न्हवं? लई झालं.”

आत साहेब ओट्यापाशी होते. घड्याळ खिशात. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पण ते बाहेर आले नाहीत. कढईचं झाकण काढल्याचा आवाज झाला. मग हाक आली, “कमल, मीठ!” वहिनी डोळे पुसत आत गेल्या आणि परत आल्या. त्यांनी नंतर मला सांगितलं की त्या दिवशी त्यांना चव काही कळली नाही, नुसतंच हो म्हणाल्या.

साहेब ताट घेऊन बाहेर आले. पितळेचं मोठं ताट. एका बाजूला वाफाळता खिमा, पाव, कांदा, लिंबू. ते त्यांनी बबनरावांच्या समोर स्टुलावर ठेवलं.

“दादा, खिमा केलाय.”

“वास आला. कमळीनं क्येला?”

“नाही, मी.”

बबनरावांनी उघडा डोळा त्यांच्यावर रोखला. “तुमी? तुमी खाता व्हय?”

“नाही.”

“मग कशापायी करता?”

“कमलला आवडतो.”

बबनरावांनी खाली ताटाकडे पाहिलं, मग साहेबांच्या दुमडलेल्या बाह्यांकडे. “आन् म्या हितं एकट्यानं खायाचं, तुमी हुबं ऱ्हानार, वाढप्यावानी? न्हाई जमायचं. तुमी खात असाल तर म्या खातो.”

“दादा!” वहिनी ओरडल्या. “असं काय बोलतोस तू?”

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला वाटत होतं, आता हे खाणार, आणि मला ते बघायचं नव्हतं.

“मी खाणार नाही,” साहेब म्हणाले. “आजवर खाल्लं नाही. आता तुमच्यासाठी म्हणून एक घास घेतला, तर तो दाखवायचा घास होईल. तुम्ही घरी गेल्यावर तुम्हालाच तो आठवून बरं वाटणार नाही.”

“खरं हाय,” बबनराव म्हणाले. आणि पिशवीतल्या भाकरीकडे हात नेला.

“पण एका ताटात बसू.”

साहेब आत गेले, स्वतःसाठी केलेली बटाट्याची भाजी घेऊन आले आणि त्याच ताटाच्या दुसऱ्या बाजूला वाढली. एक पाव ठेवला. खुर्ची ओढून समोर बसले. त्या घरात एकमेकांच्या ताटाला हात लागलेला मी कधी पाहिला नव्हता. माईंच्या सवयी माई गेल्यावरही साहेबांच्या अंगात होत्या. वहिनींनी घोटभर प्यायलेल्या ग्लासातलं पाणीही ते पीत नसत.

“उष्टं हुईल, दाजी.”

“होऊ दे.”

मग बबनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पाव उचलला, मधून फाडला आणि त्यात खिमा भरला. पहिला घास घेतला. चावता चावता थांबले. “मसाला आपलाच हाय,” ते म्हणाले.

“दरवर्षी तोच येतो,” साहेब म्हणाले, आणि आपला पाव भाजीला लावला.

दोघं जेवू लागले. खिमा नेहमीसारखाच ओला होता, आणि स्टूल एका पायाने आखूड होतं. रस हळूहळू साहेबांच्या बाजूला सरकायला लागला. मला दिसत होतं, वहिनींना दिसत होतं, साहेबांनाही दिसत होतं. त्यांनी भाजी ओढून घेतली नाही, ताट वळवलं नाही. रस भाजीच्या कडेला येऊन टेकणार, एवढ्यात बबनरावांनी हातातला पाव खाली ठेवला. दुसरा पाव घेतला, त्याचे दोन तुकडे केले आणि ताटाच्या मध्ये एकाला एक लावून ठेवले. भातखाचरातलं पाणी अडवावं तसे बोटाने दाबून घट्ट बसवले. रस तिथे थांबला.

साहेबांनी मान वर केली नाही. त्यांच्या हातातला घास मात्र बराच वेळ हातातच राहिला.

बबनरावांनी उरलेला पाव संपवला. मनगटावर आलेला ओघळ चाटला. पायांमधल्या बाटलीकडे पाहिलं आणि ती पायानेच जरा मागे सारली.

“कमळे,” ते म्हणाले, “पानी आन की गं. किती तिकट केलंया तुज्या नवऱ्यानं.”

वहिनी उठल्या. त्यांना स्वयंपाकघरात बराच वेळ लागला. पाण्याचा तांब्या भरायला लागतो त्याहून जास्त.

पुढे वर्षभरात साहेब निवृत्त झाले आणि माझी भोरहून बदली झाली. निरोपाला मी गेले तेव्हा ते मोजणीची जुनी साखळी कार्यालयात जमा करून आले होते आणि हात साबणाने पुन्हा पुन्हा धूत होते. “आता काय करणार?” मी विचारलं. “बघू,” म्हणाले. फोन करेन म्हटलं, पण केला नाही. असंच होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. वेल्ह्यात काही काम होतं, ते लवकर आटपलं आणि जीप पासलीच्या रस्त्याने निघाली होती. भाताच्या लावणीचे दिवस. रस्त्याच्या कडेच्या खाचरात सात-आठ बाया इरली-प्लॅस्टिकं पांघरून वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या रांगेच्या टोकाला एक पुरुष होता. पांढरा शर्ट, खोचलेला. खाली अर्धी चड्डी. पिंढऱ्यांपर्यंत चिखल. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने एकेक रोप खोवत तो मागे सरकत होता आणि बायांच्या बराच मागे पडला होता. वर बांधावर कमल वहिनी छत्री घेऊन उभ्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या.

“दाजी, आवो काय ही रांग!” बबनराव पलीकडून ओरडले. “सापावानी चाललीया! आन् लई खोल खोवू नगा, कुजंल!”

मग ते स्वतः चिखलात उतरले. साहेबांच्या शेजारी येऊन वाकले आणि साहेबांनी लावलेली रोपं उपटून पुन्हा लावू लागले. साहेब कमरेवर हात ठेवून ते बघत राहिले. काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. बबनरावांनी मान हलवली. साहेब पुन्हा वाकले आणि दोघं बरोबरीने मागे सरकायला लागले.

चालकाने गाडी हळू केली. “मॅडम, ओळखीचे आहेत का? थांबायचं?”

“नको,” मी म्हटलं. “कामात आहेत.”